एकच काळा ब्लाउज

साडीच्या दुकानात आरशापुढे एखादी बाई नुसता पदर खांद्यावर टाकून उभी दिसली, की ती चौकशी मला जशीच्या तशी आठवते.

पोलीस खात्यात मी फार वर्षं काढली नाहीत. उपनिरीक्षक म्हणून परभणी जिल्ह्यात रुजू झाले आणि पुढे दुसऱ्या खात्यात निवड झाली तेव्हा वर्दी उतरवली. नेमणूक एका तालुक्याच्या गावी होती. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं आणि स्वभाव बुजरा. चारचौघांत बोलायची वेळ आली की मी मागे सरायचे. वर्दीत मात्र तसं व्हायचं नाही. मी दारात उभी राहिले की समोरचा आधी खांद्यावरचे दोन तारे बघायचा, मग माझ्याकडे. माझं निम्मं काम ते तारेच करायचे.

त्या दिवसांत मानवतच्या बाजारपेठेत साड्यांचं एक दुकान फोडलं होतं. माल मोठा गेला होता आणि आसपासच्या सगळ्या ठाण्यांना तशी सूचना आली होती. एका सकाळी हजेरी संपते न संपते तोच ठाण्यातला फोन वाजला. आमच्या हवालदार ताईंनी तो घेतला. ताई मूळच्या पेडगावच्या, आवाज खणखणीत. रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या, "म्याडम, एक बाई लय तावातावानं बोलायलीय. म्हणती, मानवतच्या साड्या कुठं गेल्या ते मला म्हाईत हाय."

खबर अशी होती. गावातल्या एका खासगी शाळेत लहान मुलांना शिकवणारी एक बाई रोज नवी साडी नेसते. पगार तो काय असणार, मग साड्या येतात कुठून? खबर देणाऱ्या बाईंचा मुलगा त्याच शाळेत होता. ताईंनी माझा नंबर दिला तशी त्या बाईंनी लगेच माझ्या मोबाईलवर फोटो पाठवले. सगळे शाळेच्या गेटबाहेर, मोटारीच्या काचेतून, त्या शिक्षिकेच्या नकळत काढलेले.

ठाणेदार साहेबांनी फोटो पाहिले. "उद्या पंच घ्या आणि घरझडती करा."

त्यांचं चूक नव्हतं. पण भर दिवसा पंचांसह पोलीस एखाद्या शिक्षिकेच्या दारात गेले, तर घरात काही सापडो न सापडो, तिची नोकरी त्या दुपारीच संपणार हे मला दिसत होतं. मी एवढंच म्हणाले, "सर, आधी मी ताईंना घेऊन साध्या कपड्यांत भेटून येते. कायद्यानं स्त्रीची चौकशी तिच्या घरीच करायची असते."

"उद्या सकाळपर्यंत," साहेब म्हणाले.

टेबलावर मोबाईल ठेवून मी ते फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. खरं सांगायचं तर पुरावा म्हणून नाही. मला साडी नेसता येत नाही. पिना लावून लावून मी नेसते आणि तरी पायात येते. आणि ही बाई! निऱ्या अशा पडलेल्या, जणू साडी तिच्यावरच विणली होती. एक हात लहान मुलाच्या दप्तराला, दुसरा पदराला, आणि कुठे एक चुणी नाही. माझ्या छातीत काहीतरी कडवट झालं. फोटो काढणारीला काय होत असेल ते मला फार लवकर कळलं.

इतका वेळ बघितल्यामुळेच दुसरी गोष्ट दिसली. साड्या वेगळ्या होत्या, ब्लाउज एकच होता. काळा, गळ्याला बारीक सोनेरी काठ. सगळ्या फोटोंत तोच.

हवालदार ताईंना मी ते दाखवलं. दुकानातून उचललेल्या कोऱ्या साडीला ब्लाउजपीस जोडलेलाच असतो. इतकी नटायची हौस असलेली बाई तो शिवून घेणार नाही?

ताईंनी फोटो मोठा करून पाहिला. "कामून न्हाई शिवायची? मी तर आधी त्येच शिवंल," त्या म्हणाल्या. "म्हंजी साडी हाय, पण पीस तिच्यापाशी न्हाई."

आधी खबर देणाऱ्या बाईंकडे गेलो. दोघीही साध्या कपड्यांत होतो. बाजारातल्या एका मोठ्या दुकानदाराचं ते घर. बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माझा कुडता, सपाट चपला, बांधलेले केस.

"तुमी पोलीस? वाटत न्हाई वो."

मी ओळखपत्र दाखवलं. तेव्हा कुठे आतून पाणी आलं.

दिवाणखान्यात वास्तुशांतीचा मोठा फोटो लावला होता. त्यात त्या नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. अंगावर जांभळी साडी, पोपटी काठ. तीच साडी मी मोबाईलमध्ये पाहिली होती, शिक्षिकेच्या अंगावर. मी तो फोटो त्यांच्यापुढे धरला.

"हां, तीच!" त्या उसळून म्हणाल्या. "सेम टू सेम घेतली तिनं. मुद्दाम! गेटवर मला दिसावी म्हणून."

"तुमची साडी कुठे आहे?"

"कपाटात. पॉलिश करून आलेली, तशीच ठेवलीय. आता नेसतच न्हाई."

"का?"

त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "गेटवर तिला बघून आमचे हे गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, बघ, साडी अशी नेसायची असती. माझ्या वास्तुशांतीला एक शब्द बोलले नव्हते."

संध्याकाळ व्हायच्या आत शिक्षिकेच्या घरी पोचलो. गावाच्या कडेला दोन खोल्या. दार तिनंच उघडलं. मला पाहून म्हणाली, "बचत गटाच्या म्याडम का?"

तिच्या मागे काय आहे ते दिसलं आणि मला पुढचं काही विचारायची गरजच राहिली नाही. पुढची खोली भरून साडी रोल पॉलिशचं यंत्र होतं, नेसलेली साडी रुळावर ताणून कोऱ्यासारखी कडक करणारं. लांबलचक रूळ, त्यावर अर्धी गुंडाळलेली एक साडी, कोपऱ्यात नेसून आलेल्या साड्यांचा ढीग. बाजारात पॉलिशचं जे एकुलतं एक दुकान होतं, तिथे तिचा नवरा बसायचा. साड्या तिथे जमा व्हायच्या आणि काम इथे घरी व्हायचं. लोकांनी फक्त दुकान पाहिलं होतं.

मी पोलीस असल्याचं सांगितलं. ती उभी होती तिथेच खाली बसली.

"ह्या साड्या तुम्ही नेसता," मी म्हणाले. "मग पॉलिश करून परत देता."

हवालदार ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "बोल माय. चोरीचा वहीम हाय तुज्यावर. न्हाई बोललीस तर सकाळी पंच येतेल, सगळी गल्ली बगंल. मंग काय सांगशील?"

"चोरी न्हाई केली," ती म्हणाली. "येकदाच नेसते. आलेली साडी नेसलेलीच असती. पॉलिश व्हायच्या आधी येक दिस माझ्या अंगावर. गिऱ्हाइकाला कशी पायजे तशीच जाती."

"पण का?"

"शाळेत मागल्या साली एका म्याडमला काढलं. शिकवायच्या लय चांगलं. पण प्रिन्सिपल म्हणले, पालक गेटवर काय बघतात, तुमचा अवतार बघतात." मग तिनं मान वर केली. "पण म्याडम, नुसतं नोकरीसाठी केलं असं म्हणणार न्हाई मी. ह्या बायका येकदा नेसतात अन टाकतात. कुणाच्या पदराला वरण, कुणाची साडी चुरगाळून गाठोडं केलेली. माझ्या हातातनं जात्यात रोज. जीव जळतो. वाटतं, हिला काय नेसता येतंय! मला दिली असती तर दाखवलं असतं."

त्या खोलीत मी कुडत्यावर उभी होते आणि ती घरातल्या विटक्या साडीत जमिनीवर बसली होती. तरी त्या विटक्या साडीच्या निऱ्यांवरून माझी नजर हटेना.

"ह्यांचं दुकान जाईल," ती म्हणाली. "लोक कापड टाकणार न्हाईत. माझं सोडा."

तिचा जबाब मी तिच्या शब्दांत घेतला. पुन्हा गिऱ्हाइकाची साडी अंगावर घेणार नाही, असा शब्द तिनं मला दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. हसले नाहीत. म्हणाले, "चोरीचा माल नाही. झडती रद्द. बाकी, ज्या बाईची साडी आहे तिनं तक्रार दिली तर बघू. तोपर्यंत स्टेशन डायरीत नोंद करून ठेवा." मानवतचा माल पुढे शेजारच्या जिल्ह्यात एका टेम्पोत मिळाला. त्याचा आमच्या गावाशी संबंध नव्हता.

पण आता सगळं एका माणसावर येऊन थांबलं होतं. साडीची मालकीण म्हणून मला माहीत होती ती एकटीच, वास्तुशांतीच्या फोटोतली बाई. तिनं तोंड उघडलं तर दुकान आणि नोकरी, दोन्ही जाणार होतं.

काही दिवसांनी खबरीचा निकाल सांगायला मी तिच्याकडे गेले. या वेळी वर्दीत. चोरीचा माल मिळालेला नाही, तुम्ही काढलेले फोटो पुसून टाका, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. तिनं मला बोलूच दिलं नाही.

"काल पॉलिशच्या दुकानात गेले होते. ती टीचर डबा घेऊन आली. त्याची बायको हाय ती!"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे ती साडी माझीच होती. होती ना?"

ती उठली, कपाट उघडलं, ती जांभळी साडी काढून सोफ्यावर टाकली आणि तिच्याकडे बघत बसली. आता ओरडेल, दुकानात जाऊन तमाशा करेल, असं मला वाटलं. मी मनात वाक्यं जुळवू लागले.

"तुम्हाला तक्रार द्यायची असेल तर..." मी सुरुवात केली.

"काय देऊ?" ती म्हणाली. "काय लिहून देऊ? माझीच साडी, तिच्या अंगावर चांगली दिसली, हे? सगळ्या गावाला सांगू? ह्यांना सांगू?" तिचा आवाज बारीक झाला. "सेम साडी घेतली असती ना तिनं, तर बरं झालं असतं. दुकानदारानं तिला चांगली दिली, मला खराब दिली, असं तरी म्हणता आलं असतं."

तिनं साडी घडी न घालताच कपाटात कोंबली. तक्रार आली नाही. ज्या जळण्यातून तिनं फोन केला होता, त्याच जळण्यानं तिचं तोंड कायमचं बंद केलं. दुकान टिकलं, नोकरीही टिकली, आणि त्यात कुणाच्या मोठ्या मनाचा काही वाटा नव्हता.

त्यानंतर गस्तीवर असताना शाळेच्या गेटवर ती शिक्षिका मला कधीकधी दिसायची. तिच्या स्वतःच्या दोन-तीन सुती साड्या आलटून पालटून, आणि तोच काळा ब्लाउज. मोटारी थांबायच्या, काचा खाली व्हायच्या, आणि पोरांना उतरवता उतरवता बायका तिच्याकडेच बघायच्या. सुती साडीतही.

चौकशीत माणसाचा चेहरा वाचावा असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. या प्रकरणानंतर मी आधी कपडे बघू लागले. माणूस काय घालतो ते बघायचं, आणि दुसऱ्याच्या अंगावरचं काय बघून त्याचा चेहरा उतरतो तेही बघायचं. या दुसऱ्या बघण्यातून अधिक कळतं. साधे कपडे घातले की मी बचत गटाची होते, वर्दी घातली की साहेब होते. मधली मी कोण, हे कुणी विचारलंच नाही, आणि मीही कुणाला असं कुठे विचारलं?

माझ्या निरोप समारंभाला आईची साडी नेसले होते. दहा पिना लावूनही ती भाषण संपेपर्यंत सुटत आली. गाव सोडण्याआधी ती मी त्याच दुकानात पॉलिशला टाकली. परत घ्यायला गेले तेव्हा कोरी करकरीत घडी हातात आली. काही विचारलं नाही. त्या बाईनं शब्द पाळला असेल, ती नेसली नसेल. पण घडी उलगडताना मनात आलंच, ती नेसली असती तर मला एकदा बघायला आवडलं असतं. आणि बघवलं नसतं.