मेश्राम मॅडमच्या घराचा पाया

उन्हाळ्यात कुठल्याही प्लॉटवर गेलो की मेश्राम मॅडम आधी जमिनीला पडलेल्या भेगेत हात घालायच्या. थेट कोपरापर्यंत. मालक घाबरायचा, "मॅडम, साप राहीन तिथं!" त्या शांतपणे म्हणायच्या, "साप निघून जाते जी. भेग राहते." मॅडमना जाऊन आता वर्ष होत आलं.

नागपुरात सदर भागातल्या आमच्या माती-परीक्षणाच्या ऑफिसात मी नवखा इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा त्या प्रमुख होत्या. इथली काळी माती मला त्यांनीच शिकवली. "पाणी प्याली की फुगते, तहानली की आखडते. तिच्याशी भांडू नको. तिच्या खाली, घट्ट मुरमापर्यंत जा." बोअरिंगच्या मजुरांनाही हे पाठ झालं होतं.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदा बुटीबोरीहून परतताना सांगितलं. त्यांचं इंदोरा वस्तीतलं घर वडिलांनी गिरणीतली पाळी संपल्यावर स्वतःच्या हातांनी बांधलेलं. पाया काळ्या मातीतच. दर उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भिंत फाटायची. "बाबा दरवर्षी सिमेंट भरत. त्यांना वाटे, आपलाच हात कच्चा. मरेपर्यंत तेच वाटलं त्यांना."

पुढे ती भिंत कलली. घरात मॅडम आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. घर उतरवायचं ठरलं त्या दिवशी मी तिथेच होतो.

"काहून पाडतं वं?" आजींनी विचारलं.

"माय, एखाद्या दिवशी अंगावर येईन ते."

"तुह्या बापानं बांधलं हाये."

"त्याच जागी पुन्हा बांधू. तुले इथंच आणीन."

मागच्या गल्लीत भाड्याची खोली घेतली. घर उतरलं, खोदकाम सुरू झालं आणि जुन्या पायाचे दगड उघडे पडले. मॅडम खड्ड्यात उतरल्या, दगडांवरून हात फिरवत राहिल्या. "ओळ पाहा. दोरी धरून लावले आहेत. एक दगड वाकडा नाही." मग म्हणाल्या, "मातीच तशी होती गा. बाबांचा हात नव्हता कच्चा." ते ऐकायला बाबा नव्हते.

मुरूम लवकर लागेना. कधीकाळी तिथून नाला वाहत असावा. खाली नुसती गाळमातीची भर निघत होती. अजून खोल जावं लागलं, तेवढ्यात पावसाळा लागला आणि खड्डा भरून गेला. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, तुमचंच तर घर आहे. वरच्यावर पाया टाकून घेऊ. आजी वाट पाहून राहिल्या."

"दुसऱ्याच्या घराले जे चालत नाही, ते माह्या मायच्या घराले कसं चालन?"

पाणी उपसलं, जमीन सुकेपर्यंत मॅडम थांबल्या. मग मुरमापर्यंत खोदून पाया घेतला. भोवती मुरमाचे थर टाकून, पाणी मारून धुम्मसाने ठोकून घट्ट केले. आजी रोज संध्याकाळी विचारायच्या, "मले कधी नेतं वं?" आणि मॅडम म्हणायच्या, "पाया होऊ दे, माय."

थंडीत आजी गेल्या, त्याच भाड्याच्या खोलीत. पाया झाला होता, वर नुसते कॉलम उभे होते. अंत्ययात्रा निघाली तेव्हा मॅडमनी प्लॉटपाशी सगळ्यांना थांबवलं. भावकीतल्या माणसांनी तिरडी आत नेऊन घटकाभर मुरमावर टेकवली. मॅडम उशाशी बसल्या. "आलो आपण, माय," एवढंच म्हणाल्या.

घर पुरं झालं. मॅडम तिथे एकट्याच राहिल्या. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो, तेव्हा बराच वेळ त्या ऑफिसचंच बोलत होत्या. मग मधेच थांबल्या.

"जिंदगीभर लोकांना म्हटलं, घाई करू नका. मायलेही थांबवलं. तिच्यापाशी तेवढे दिवस नव्हते गा. करायला पाहिजे होती का मी थोडी घाई?"

मी उशाजवळचं पाणी पुढे केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पडल्या पडल्या खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या.

आजही एखादा मालक कामाची घाई करतो, तेव्हा त्याला मी थांबायला सांगतो. पण सांगण्याआधी विचारून घेतो, घरी कोण वाट पाहत आहे.