पोलिसांच्या लॉरीचं गॅस्केट

चोख कामाची मला अजून चीड येते, ती एका मिस्त्रीमुळे. डिलाईल रोडला आमच्या चाळीखाली त्याचं गॅरेज होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात त्याचा धाकटा भाऊ गेला. त्यानंतर महिन्याभरातच पोलिसांची एक जुनी लॉरी, इंजिनाच्या हेडखालची सांध बंद करणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, जळलेली, त्याच्याच दारात आली.

मी बाजूला उभा राहून बघत होतो. त्यानं इंजिनाचं हेड उतरवलं, जळकं गॅस्केट खरवडलं, खालचा भाग रॉकेलनं पुसला आणि डोळे मिटून त्यावर तळहात फिरवला. कण लागला की पुन्हा पुसायचा. नवं गॅस्केट घालून, वर हेड बसवून तो मधल्या बोल्टापासून कडेपर्यंत थोडं थोडं आवळत गेला.

मी हळूच म्हटलं, "मिस्त्री, एखादा बोल्ट ढिला राहू दे की."

"ते दुसऱ्या गाडीतून येतील," तो म्हणाला. "माझं काम तेवढं नासेल."

पुढच्या आठवड्यात लालबागच्या सभेतून आम्ही पळालो, तेव्हा तीच लॉरी मागे लागली. माझ्यापुढे मिस्त्री धावत होता. धावता धावता त्यानं मान किंचित वळवली आणि इंजिनाचा आवाज ऐकून घेतला.