बुडालेल्या जहाजातलं झबलं

औशाचा गफूर टेम्पो चालवतो. काचेचं सामान असो की अंडी, व्यापारी त्यालाच बोलावतात. त्याच्या गाडीत माल फुटत नाही, अशी त्याची ख्याती. म्हणूनच रत्नागिरीहून नांदेडला न्यायचे ते झाकणबंद टब त्याच्या वाट्याला आले.

टबांत पाणी होतं आणि पाण्यात कपडे. शंभरावर वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्याजवळ बुडालेल्या एका प्रवासी जहाजातून पाणबुड्यांनी ते वर काढले होते. कुणाचा कोट, कुणाचा एका पायातला बूट, आणि एका तान्ह्या बाळाचं झबलं. नांदेडच्या प्रयोगशाळेत ते सावकाश वाळवायचे होते. सोबत महामाया नावाच्या संशोधक बाई होत्या. निघतानाच त्यांनी बजावलं, "गफूरभाई, कापड वाटेत पाण्याबाहेर एकदम वाळलं तर त्याचा चुरा होईल. पुन्हा काही करता येणार नाही."

मे महिना होता. सोलापूर मागे पडलं, औसा जवळ आलं आणि अचानक एक म्हैस रस्त्यात आडवी आली. गफूरनं करकचून ब्रेक दाबला. मागं काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

झबल्याच्या टबाला तडा गेला होता. ओल्या प्लास्टिकवर चिकटपट्टी बसेना. गफूरनं साबणाची वडी मळून बाहेरून फटीत दाबली. गळती थांबली, पण तोवर पाणी खूप उतरलं होतं. झबल्याची एक बाही उघडी पडली. जवळच्या बाटल्या रिकाम्या केल्या तरी पुरेना.

पुढच्याच गावात टँकर आला होता. बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या. गफूर गाडी थांबवून पाणी मागायला उतरला, तोच ताडपत्रीखाली डोकावून चार पोरं आडवी आली.

"टबात काय हाय?"

"जुने कपडे हायेत, भाऊ."

"कपडे पाण्यात घालून कोन नेतंय?"

एकानं समोरच्या काचेवरचा ७८६ आकडा वाचला, मग गफूरकडं पाहिलं आणि हात घालून गाडीची चावी काढून घेतली. महामायाबाईंनी कागद पुढं केले. ते कुणी पाहिलेच नाहीत. "झाकण काढ!" म्हणत दोघं मागं चढायला लागले.

"उन्हात उघडू नका!" बाई ओरडल्या.

गर्दी वाढत होती. रांगेत पुढं एक म्हातारी उभी होती, नागाबाई. तो तिच्याकडं वळला. "मावशी, तुमी वर या. ताडपत्रीखाली तुमी एकट्या बघा. काई वंगाळ दिसलं, तर गाडी जाळा माझी."

पोरं थांबली. म्हातारी हळूहळू वर चढली, मागोमाग महामायाबाईही. गफूरनं झाकण उचललं. गढूळ पाण्यात हातभर झबलं, आणि बाहेर राहून करडी पडलेली बाही. नागाबाई टबावर वाकली.

"कोनाचं लेकरू हाय हे?"

"माहीत नाही हो, आजी," महामायाबाई म्हणाल्या.

"वाचलं का?"

"तेही माहीत नाही."

नागाबाईनं बाहेर डोकं काढलं. "अंगद्या, चावी दे त्याची! अन् माझी घागर वर दे."

"आज्ये, प्यायचं पानी हाय ते!"

"ठाव हाय मला. दे म्हन्ते ना!"

महामायाबाईंनी घागर हातात घेतली, पाण्याची धार टबाच्या कडेनं सोडली. बाही पाण्याखाली गेली.

नांदेडला पोचल्यावर झबलं जाळीवर उचलून घेतलं, तेव्हा तीच बाही खांद्यापासून सुटून आली. बाकीचं शाबूत होतं. "तुमची चूक नाही, गफूरभाई," असं बाई पुन्हा पुन्हा म्हणाल्या. तो मान हलवत राहिला, पण त्याची नजर त्या सुटलेल्या तुकड्यावरून हलत नव्हती.

घरी बायकोनं, वहिदानं, ताट वाढलं. त्यानं तिला म्हशीचं सांगितलं, बाहीचं सांगितलं, म्हातारीनं दिलेल्या घागरीचंही सांगितलं. गाडीची चावी काढून घेणाऱ्या पोरांचं मात्र त्यानं तिला काहीच सांगितलं नाही.