किंब्रोसाहेबांच्या स्वयंपाकिणीचं आडनाव

काळ्यांची शाळा वेगळी, नळ वेगळा, दवाखान्याचं दारसुद्धा वेगळं ठेवीन, एवढ्या एका भाषणावर ऑर्व्हिल किंब्रोने चोवीस वर्षं वॉशिंग्टनच्या संसदेतली खुर्ची उबवली. दुसरं भाषण त्याला येतच नव्हतं. आमच्या मिसिसिपीत आम्हा काळ्यांना मतच देऊ देत नसत, त्यामुळे त्याचं काही अडलंही नाही.

हे सोवळं स्वयंपाकघरात मात्र गळून पडायचं. तिथे माझी थोरली जाऊ, व्हर्नीस गॅडिस, राबायची. जाऊबाईंनी मागच्या दाराने आत जायचं आणि त्यांच्या हातची कोंबडी साहेबांनी बोटं चाटत खायची.

मग कायदा आला, आम्हाला मत मिळालं आणि साहेबांना आमचा उमाळा आला. निवडणुकीआधीच्या रविवारी ते बायकोसकट आमच्या चर्चमध्ये हजर! जाऊबाईंचा शब्द चर्चमध्ये कोणी मोडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. जाऊबाईंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, "मला एकदा 'मिसेस' म्हणाला तर मत देईन. तुम्हीही द्या." आमच्याकडे गोऱ्यांचं शेंबडं पोरही काळ्या म्हातारीला नुसत्या नावाने हाक मारायचं.

साहेब उभे राहिले. "आमची व्हर्नीस तर घरचीच!"

पाद्री टोलिव्हर म्हणाले, "साहेब, इथे बायकांना मिसेस म्हणतात."

"हो हो, का नाही! मिसेस... मिसेस..."

गाडी तिथेच रुतली. इतकी वर्षं कोंबडी हाणली, पण आडनाव कधी विचारलं असेल तर शपथ! घामाघूम झाले बिचारे. आजोबांच्या काळी गुलामांना मालकाचंच आडनाव लागे, तेच डोक्यात आलं असावं. ठोकून दिलं, "मिसेस किंब्रो!"

पहिल्या बाकावर त्यांच्या बायकोची टोपी थरथरली. मला राहवेना. मी ओरडले, "अहो जाऊबाई, लग्नाला बोलावलं नाहीत ते!"

चर्च हसून लोळलं. एकट्या जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझंही हसू विरलं.

साहेब सपशेल आपटले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जाऊबाई काम सोडायला गेल्या, मीही सोबत होते. साहेब स्वयंपाकघराच्या दारात आले, पडेल आवाजात म्हणाले, "व्हर्नीस, तुझं आडनाव तरी काय गं?"

जाऊबाईंनी एप्रन खुंटीला अडकवला.

"आता कशाला साहेब? मतं मोजून झाली."

आणि आम्ही दोघी पुढच्या दाराने बाहेर पडलो.