अण्णांनी थांबवलेली पोती

मंडळी, आमचा मेटलकोर, म्हणजे कर्कश गिटार अन् किंचाळ्यांच्या संगीताचा, बँड सहा वर्षं कळंबात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, धान्याच्या गोदामात वाजवतोय. आधी मी नुसता किंचाळायचो. नव्या गाण्यात पहिल्यांदाच हळू गातोय.

आज त्याचं तिथंच रेकॉर्डिंग होतं. सोयाबीन सकाळीच टेम्पोत भरून जाणार होतं. जाऊन बघतो तर भिंतीला लागून पोत्यांची अर्धी थप्पी तशीच!

"अण्णा, माल गेला न्हाय?"

"निम्माच धाडला. मोकळ्या गोदामात तुझा आवाज घुमतोय, शब्द कळत न्हाईत."

"तुम्ही ऐकता व्हय?"

"सहा वर्षं शटरबाहेर बसून ऐकतोय. ओरडण्यातलं काय बी कळलं न्हाय. आता कळायलंय, तर ऐकू दे की."

पहिल्याच ओळीला माझा आवाज थरथरला. रेकॉर्डिंगचा तोच टेक ठेवलाय.

तुमच्या शटरबाहेर कोण बसलंय, बघितलंय का कधी?