जिंतूरच्या डोंगरातला वणव्याचा मनोरा

सेलूहून देवगाव फाट्यापर्यंत एसटीत उभं राहून जावं लागलं. फाट्यावर जिंतूरच्या गाडीची वाट बघताना माझ्या नणंदबाई, मंदाताई, म्हणाल्या, "वहिनी, लोक सुट्टीत देवाला जातात. आपण गंजकं लोखंड बघायला चाललोय."

खोटं नव्हतं. आमचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. वणव्यावर नजर ठेवायला जिंतूरच्या डोंगरांत पूर्वी उभारलेले मनोरे अजून आहेत, असं एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं. वर माणूस बसायचा, धूर दिसला की खाली कळवायचा. आता आगीची खबर म्हणे उपग्रहावरून थेट मोबाइलवर येते. मनोरे ओस पडलेत. मला ते मोडीत जाण्याआधी बघायचे होते.

जिंतूरला नामदेवभाऊंची रिक्षा ठरवली. पन्नाशीचा, बोलका माणूस. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं शेत. पहिल्या मनोऱ्याचे फक्त चार खुंट उरले होते, बाकीचा कोणीतरी गॅस कटरने सफाईनं कापून नेलेला. दुसऱ्याची शिडी गायब. पळसाखाली बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पळस ऐन फुलात होता, होळी नुकतीच झाली होती.

"तिसरा हाय तसा हाय," नामदेवभाऊ म्हणाले. "पन लय वर चढू नगा. म्हातारं लोखंड, कवा दगा देईल सांगता येत न्हाई."

"ह्यांना काय सांगता?" मंदाताई म्हणाल्या. "ह्या तर लोखंडाला नावानं ओळखतात."

तिसरा मनोरा गायरानाच्या टोकावर होता. वाटेत कमरेएवढं कुसळी गवत (टोकदार कुसं कपड्यांत रुततात ते), वाळून पांढरं पडलेलं. मनोऱ्याचे चारही पाय शाबूत होते, वर चारी बाजूंनी उघडी पत्र्याची खोली. मी शिडीच्या पायऱ्या ठोकून पाहिल्या. मधोमध गंज होता, कडेचं वेल्डिंग पक्कं. पाय कडेला ठेवत चढले. ओढणी कमरेला खोचली होती. चढताना कसलासा घुमणारा आवाज येत होता, शेतातल्या विजेच्या डीपीसारखा. वारा पत्र्यातून वाहत असेल, असं मी धरून चालले.

खोलीत पाऊल टाकलं आणि मोबाइलला रेंज आली. सकाळपासूनचे सगळे मेसेज एकामागून एक वाजू लागले. त्याबरोबर पायाखालचा घुमणारा आवाज एकदम चढला. फरशीच्या पत्र्याला गंजून भोक पडलं होतं. त्यातून खाली पाहिलं तर काळपट कातडं लटकत होतं, आणि त्या कातड्यावर लाट उठत होती. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, पुन्हा, पुन्हा.

आग्या मोहोळ. मी उभी होते त्या पत्र्याच्या पोटाला चिकटलेलं. चढताना ते शिडीच्या मागच्या अंगाला, सावलीत राहिलं होतं.

मी मोबाइल बंद केला. दोन माश्या भोकातून वर आल्या आणि माझ्या चेहऱ्यासमोर थांबल्या. मी श्वास रोखून धरला. आमच्या ओळखीतल्या एका धडधाकट माणसाला ह्याच माश्यांनी शेतात लोळवलं होतं, तो पुन्हा उठला नव्हता. तेवढंच आठवत राहिलं. माश्या गेल्या. मी खाली बसले आणि ठरवलं, ऊन उतरून माश्या शांत होईपर्यंत हलायचं नाही.

ते जमलंही असतं. पण खाली मंदाताई सावली शोधत पलीकडे गेल्या आणि त्यांना मोहोळ दिसलं.

"अगं आई गं! वहिनी, वर मोहोळ!"

"ताई, बोंबलू नगा!" नामदेवभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "वयनी, हलू नगा. आत्ता धूर करतो. धुरानं पळत्यात."

ते गवत उपटू लागले. मुठीत न मावणारा पेंढा त्यांनी डोक्याच्या रुमालात गुंडाळला आणि खिशातून काडेपेटी काढली.

आता मी पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. मनोऱ्याभोवती पूर्वी जाळरेषा असायची, म्हणजे आग अडावी म्हणून मोकळा केलेला पट्टा. तिच्यावरही गवत माजलं होतं. चारही उतारांवर गवतच गवत, आणि वारा खालून वर येत होता. ठिणगी पडली तर मंदाताईंना पळायला जागा नव्हती आणि मला उतरायला वेळ.

मी हात हलवून नको नको केलं. त्यांना वाटलं, मी घाबरून घाई करा म्हणतेय. "आलो, आलो!" ते म्हणाले. ओरडावं तर पायाखाली मोहोळ.

ओढणी डोक्यातोंडावरून घेतली आणि उतरू लागले. एका ठिकाणी मोहोळ इतकं जवळ होतं की मधाचा आणि मेणाचा वास ओढणीतून आत आला. एक माशी मनगटावर बसली आणि बांगडीखाली शिरली. हात झटकता येत नव्हता. मी पाय शोधत राहिले. काडी ओढल्याचा आवाज आला, वाऱ्यानं विझली. दुसरी ओढली. मोहोळ डोक्याच्या वर गेलं तशी मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "काडी विझवा! गवत पेटेल!"

नामदेवभाऊ दचकले. पेटता पेंढा हातातून सुटला.

गवत कागदासारखं पेटलं. मी उरलेल्या पायऱ्या कशा उतरले ते सांगता येणार नाही. मंदाताईंनी पिण्याचं सगळं पाणी ओतलं, मी ओढणीनं झोडपू लागले, नामदेवभाऊ चपलांनी तुडवत होते. धूर वर गेला आणि मोहोळ उठलं. माश्या आम्हाला डसत होत्या, तरी पळता येत नव्हतं. आग सोडली असती तर पळून जायला डोंगर उरला नसता. मंदाताई रडत रडत झोडपत होत्या. शेवटची ज्योत विझल्यावरच आम्ही उताराला धावलो, रिक्षात शिरलो आणि पदर, ओढणी, पिशव्या, हाताला लागेल ते अंगावर ओढून बसलो.

जिंतूरच्या दवाखान्यात तिघांनाही इंजेक्शनं दिली. नामदेवभाऊंचा एक डोळा पूर्ण मिटला होता.

"म्या तर तुमाला वाचवायलतो की," ते हळू आवाजात म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हणाले. "म्हणूनच तर मी खाली आले."

मंदाताईंचा ओठ वांग्याएवढा झाला होता. तरी त्या म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या वेळी नुसतं बघत बसा."

सूज चार दिवसांत उतरली. घरी आणि दुकानात सगळे एकच विचारतात, वरून काय दिसलं? येलदरी धरणाचं पाणी दिसलं का? मी नाही म्हणते. एवढ्या उंचावर चढून मी फक्त गवत पाहिलं. ते चारही बाजूंनी वर चढत आलं होतं, मनोऱ्याच्या पायांपर्यंत, आणि ते बघायला तिथं कोणी बसत नव्हतं.