खबर आणणाऱ्याला अर्धे पैसे

नांदगाव स्टेशनातून बाहेर पडलं की डाव्या हाताला शेवंतीचं खळं होतं. रेल्वे यायच्या आधी तिथे भात झोडायचे आणि उरलेलं वर्षभर कोंबड्या फिरायच्या. अठ्ठ्याण्णव साली गाड्या सुरू झाल्या आणि देवगड, मिठबावकडची माणसं मोटारसायकली दामटत मुंबईची गाडी पकडायला नांदगावला यायला लागली. गाडी मिळायची, पण मोटारसायकल ठेवायची कुठे हा प्रश्न होता. घेतलेल्या कर्जाचे हप्तेही फिटले नाहीत अशी नवी कोरी गाडी चार दिवस उन्हापावसात टाकून जायला कुणाचं मन धजणार?

ही अडचण शेवंतीच्या मुलानं, गुरुप्रसादनं, बरोबर हेरली. खळ्यावर बांबू उभे केले, वर झावळं टाकली आणि एका फळीवर लिहिलं, ‘गाडी ठेवण्याची सोय, दिवसाला दहा रुपये’. पोरगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. बाप तो लहान असतानाच तापानं गेला होता. घरात मायलेक दोघंच. माझा एसटीडी बूथ खळ्याच्या समोरच, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

धंदा बरा चालला होता आणि तिथेच माशी शिंकली. देवगडच्या एका आंबेवाल्यानं नवी मोटारसायकल ठेवली होती. गुरुच्या अंगात आलं आणि तो तीच घेऊन कणकवलीपर्यंत फिरून यायला निघाला. वळणावर घसरला. त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण गाडीची टाकी चेपली, पुढचा दिवा फुटला, मडगार्ड वाकडं झालं. मालक परत आला तो खळ्यात उभा राहून असा ओरडायला लागला की स्टेशनावरची माणसं बघायला जमली. शेवंतीनं कानातल्या कुड्या मोडून त्याची भरपाई केली. आणि कुड्या मोडल्याचा सगळा राग तिनं त्या गर्दीसमोर मुलावर काढला. एक थोबाडीत दिली आणि म्हणाली, "हे पैसे फेडल्याशिवाय माका तोंड दाखव नको!"

असलं वाक्य कुठल्या आईच्या तोंडून निघत नाही? माझी आई मला आठवड्यातून दोनदा घराबाहेर काढायची आणि दोन्ही वेळा जेवायला हाक मारायची. पण गुरुला ते लागलं. त्याच संध्याकाळी तो अंगावरच्या कपड्यांनिशी मुंबईच्या गाडीत चढला.

भूक लागली की येईल परत, असं मीच तिला सांगत होते. आठ दिवस गेले, मग दिवाळी गेली. मुंबईतल्या ओळखीच्यांकडे मी माझ्या बूथवरून फोन लावून दिले, एकाचेही पैसे घेतले नाहीत. कुणालाच काही माहीत नव्हतं. शेवंती खळं झाडायची, गाड्या ओळीत लावायची, आणि प्रत्येक गाडीला उतरणाऱ्या माणसांकडे मान वर करून बघायची.

पुढच्या शिमग्याला पहिली खबर आली. देवगडला बर्फाच्या कारखान्यात काम करणारा सर्वेश मुंबईहून उतरला आणि गाडी काढता काढता म्हणाला, "काकी, तुमचो गुरु भायखळ्याच्या भाजीबाजारात दिसलो. हाक मारलंय, पण गर्दीत खंय गेलो कळाक नाय."

शेवंतीनं त्याच्या गाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. सदरा कुठल्या रंगाचा होता, दाढी वाढली होती का, पायात चप्पल होती का, असं विचारत राहिली. सर्वेशला कुठली एसटी पकडायची नव्हती, तरी तो कंटाळला. गाडी ठेवल्याचे पैसे मात्र तिनं घ्यायला नकार दिला. त्यानं बळेच पुढे केले, तेव्हा कशीबशी अर्धे घ्यायला तयार झाली. तेव्हापासून ती रीत पडली. गुरुची खबर आणणाऱ्याला अर्धे पैसे.

आणि मग काय विचारता! देवगडच्या बाजारात ही गोष्ट आठवड्याभरात पसरली. शेवंतीकडे गाडी ठेवणार असशील तर येताना गुरुची खबर सांग, अर्ध्यात काम होतं, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. गणपतीच्या आणि मेच्या दिवसांत खळ्यात पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून माणसं आधी माझ्या बूथवर फोन करून जागा धरून ठेवायची. तिथेही तेच. "एक गाडी ठेवूक व्हयी, चार दिस. आणि काकीक सांगा, मागच्या खेपेक गुरु भेटलो होतो." म्हणजे गाडी खळ्यात यायच्या आधीच सवलत लागू!

एकाच आठवड्यात गुरु पनवेलला रिक्षा चालवत होता, डोंबिवलीत केळी विकत होता आणि सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात होता. एकानं तर त्याचं लग्नही लावून दिलं. असल्यांचा फोन आला की मी रिसीव्हर आपटायचे. पाच-दहा रुपयांसाठी आईच्या काळजाला हात घालणारी ही माणसं घरी जाऊन सुखानं जेवत कशी असतील, हे मला आजही कळलेलं नाही. शेवंती मात्र प्रत्येकाचं ऐकून घ्यायची आणि प्रत्येकाजवळ एकच निरोप द्यायची, "तेका सांगा, पैसे फिटले. आता ये म्हणा." ते मान डोलवायचे आणि किक मारायचे.

एकदा मी तिला धरून बसवलं. "अगो, हे सगळे तुका फसवतत. तुका कळणा नाय?"

"माका कळता, सुभद्रा," ती म्हणाली. "पण सगळेच खोटे कशे आसतले? एकाक तरी तो खरोच दिसलो आसतलो. तो एक कोण, ता माका कळाचा नाय. म्हणान सगळ्यांचे पैसे सोडतंय."

 मी उठून माझ्या बूथवर गेले.

या सगळ्यात एकच माणूस वेगळा होता. मिठबावचे दाजी. मुंबईत एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय. त्यांची जुनी लुना वर्षभर शेवंतीच्या खळ्यातच असायची. गणपतीला आणि शिमग्याला नांदगावला उतरायचं, लुना काढून मिठबावला जायचं, आणि रजा संपली की परत आणून ठेवायची. एवढ्या महिन्यांचे पैसे त्यांना चांगलेच पडायचे. अर्ध्या सवलतीची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर ती या माणसाला होती. पण शेवंतीनं विचारलं की दरवेळी त्यांचं उत्तर ठरलेलं, "नाय गो वयनी, माका नाय दिसलो. दिसलो तर हाताक धरून घेवन येतलंय." आणि पुरे पैसे मोजून द्यायचे.

शेवंतीला त्यांचा राग यायचा. ते गेले की मला म्हणायची, "ह्या माणसाक एकदा तरी खोटा सांगूक काय होता?" आणि आम्ही दोघी हसायचो.

दोन हजार सहाचा शिमगा. सकाळची गाडी आली आणि दाजी उतरले. नेहमी सरळ खळ्यात जायचे, ते त्या दिवशी आधी माझ्या बूथवर आले. फोन करायचा नव्हता. बाकावर बसले, तांब्याभर पाणी प्याले, आणि खळ्याकडे बघत राहिले. बरं नाही का म्हणून मी विचारलं तर रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. मग उठून रस्ता ओलांडून गेले.

शेवंती लुना पुसत होती. तिनं नेहमीचंच विचारलं, "दाजीनू, आमचो झील खंय दिसलो?"

"दिसलो, वयनी," दाजी म्हणाले.

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की स्टेशनाबाहेरचे रिक्षावाले वळून बघायला लागले. "सुभद्रा! ये गो! दाजीनी बघल्यानी तेका!"

मी गिऱ्हाईक फोनवर बोलत असताना बूथ सोडून धावले. दाजी सांगत होते. बरा आहे, एका गोदामात काम करतो, राहायला जागा आहे. बारीक झाला का? नाही, उलट भरलाय. रागात आहे का? "नाय गो. आवशीवर राग कसलो? तुझी आठवण काढीत होतो." शेवंती हसत होती, मधेच पदरानं डोळे पुसत होती, पुन्हा तेच तेच विचारत होती. मलाही रडू फुटलं. सात वर्षांत एवढ्या जणांनी खबरा आणल्या, त्यातल्या एकीवरही मी विश्वास ठेवला नव्हता. पण हे दाजी होते. दाजी सांगतात म्हणजे शंभर टक्के खरं.

दाजींनी लुना बाहेर काढली आणि खिशातून पैसे काढले. शेवंतीनं दोन्ही हात मागे घेतले. "आज तुमचे पैसे घेवचंय नाय. घेतलंय तर पाप लागात माका."

"घे, वयनी."

"बरा, मगे अर्धे द्या. रीत ती रीत."

दाजींनी पुरे पैसे तिच्या हातात ठेवले. तिनं अर्धे बाजूला काढून परत केले. त्यांनी ते पुन्हा तिच्याकडे सरकवले. तिनं पुन्हा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कोंबले. मला या सगळ्याची गंमत वाटत होती, नात्यातली माणसं भाड्यावरून भांडतात तशी. तिसऱ्यांदा दाजींनी ते पैसे तिच्या मुठीत घालून मूठ मिटली आणि तशीच धरून ठेवली.

"पुरे घे गो. अर्धे नको माका," ते म्हणाले. "ते पैसे माका पचाचे नाय."

शेवंतीनं मुठीकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे. मला अजून काही कळलं नव्हतं. तिला कळलं. जो खोटं बोलायचा तो सवलत घ्यायचा, गेली सात वर्षं ती हेच बघत आली होती. खरी खबर आणणाऱ्यानं अर्धे पैसे वाचवायला का कचरावं? म्हणजे दिसला हे खरं, पण बरा आहे हे खोटं.

"कधी?" तिनं विचारलं.

दाजी होते तिथेच खाली बसले. पौषात, म्हणाले. त्यांच्याच इस्पितळात काविळीनं आला होता, डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. त्यांनी त्याला ओळखलं नव्हतं, त्यानंच त्यांना ओळखलं. माझ्या आईकडे तुमची लुना असते ना, म्हणाला. दाजींनी गावाला फोन करतो म्हटलं तर त्यानं हात धरून ठेवला. बरा होऊन पैसे घेऊनच जातो, तोवर आईला कळवू नका. पोर बरं होईल असं दाजींनाही वाटलं, म्हणून त्यांनी ऐकलं. चौथ्या दिवशी गेला. अग्नी दाजींनी दिला.

"आणि तेका सांगलास तुमी?" शेवंती म्हणाली. "पैसे फिटले म्हणान?"

दाजींनी मान वर केली नाही. "सांगलंय," ते म्हणाले. हे खरं होतं की तिच्यासाठी होतं, ते मी कधीच विचारलं नाही.

शेवंती त्या वेळी रडली नाही. झावळांच्या सावलीत बसून राहिली. दाजी उठून गेले, तेही लुना ढकलत, चालू न करताच. त्यानंतर त्यांनी ती तिथे कधी ठेवली नाही. दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा ती माझ्यावरच गरजली, "कोणाक सांगशीत तर बघ."

माझं डोकं फिरलं. माणूस गेला, त्याचं दिवसकार्य नको का? आणि ही खोटारडी माणसं उद्या पुन्हा येतील, तिच्या मेलेल्या मुलाला रिक्षा चालवायला लावतील, हसत हसत अर्धे पैसे देऊन जातील, ते मी ऐकून घेऊ? मी तसं तोंडावर बोलले.

"सांगांदेत," शेवंती म्हणाली. आता तिचा आवाज फुटत होता. "तू सांगलंस तर उद्यापासून माझ्या झिलाचा नाव ह्या खळ्यात कोण काढतला, सुभद्रा? माका कोण सांगतला तो खंय आसा म्हणान?"

दिवसकार्य तिनं केलं. घरातल्या घरात, भटजींना गप्प राहायला सांगून, मला बरोबर घेऊन.

चार दिवसांनी देवगडचा नितेश मुंबईहून उतरला. गळ्यात नवी कोरी बॅग, तोंडभर हसू. "काकी, गुरु भेटलो हां! पनवेलाक. घाईत होतो, पण बोललो."

मी बूथमधून ताडकन उठले. त्याचा उद्धार करायला तोंड उघडलंही होतं. शेवंतीनं माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं. त्याच्याकडून अर्धे पैसे घेतले, पदराच्या गाठीत बांधले.

"काय म्हणी होतो?" तिनं विचारलं.

नितेश जरा गडबडला. एवढं पुढचं त्यानं ठरवून आणलं नव्हतं. मग म्हणाला, "येतंय म्हणालो, काकी. गणपतीक येतंय म्हणान सांगल्यान."

"येवंदे," शेवंती म्हणाली, आणि त्याची गाडी निघावी म्हणून पुढच्या दोन गाड्या ढकलून बाजूला घ्यायला लागली.